सरस गार होण्याआधी

मी चित्रकार आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची पोस्टरे आणि पत्रके करते आणि उरलेल्या महिन्यांत मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. पहिल्या प्रकारचे एकही काम मी आजवर उशिरा दिलेले नाही, आणि दुसऱ्या प्रकारचे एकही काम २०२३ पर्यंत वेळेवर दिलेले नव्हते. हात तेच, टेबल तेच, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावचे घरही तेच. तरीही रात्री दहाला कंपनीच्या व्यवस्थापकांनी फोन करून ‘उद्या दुपारी पत्रक छापायला टाकायचं आहे’ म्हटले की पहाटेपर्यंत ते कोरलड्रॉमध्ये तयार असे, आणि प्रकाशनाने चार महिन्यांची मुदत दिली की पहिले तीन महिने मी कागदाला हातही लावत नसे. घरात याला ‘मनात आलं तरच करते’ असे म्हणत. मीही तेच म्हणत असे, फक्त माझे शब्द जास्त कडू होते.

२०२१ मध्ये एक ३२ पानी पुस्तक माझ्या हातून गेले. मुदत संपली तेव्हा माझ्याकडे नऊ चित्रे पूर्ण होती, चौदा अर्धवट होती आणि एका मोहाच्या झाडाची सत्तेचाळीस कच्ची रेखाटने होती, ज्यांची त्या पुस्तकाला काडीचीही गरज नव्हती. प्रकाशनाने काम काढून दुसऱ्या चित्रकाराला दिले आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. त्यानंतर मात्र मी हट्टाने वेळेच्या नियोजनाचे सल्ले गोळा करू लागले, कारण हे सल्ले पाळून माणसे सुधारतात असे ज्याच्या-त्याच्या तोंडून ऐकत होते.

पहिला प्रयोग पोमोदोरोचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटलीतल्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास करण्याची ही पद्धत बसवली. इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती, एवढाच तिचा नियम आहे. मी ब्रह्मपुरीच्या भांड्यांच्या दुकानातून चावीचा टायमर आणला. एका दुपारी वैनगंगेच्या वाळूचा ओला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, कागदावर टाकला होता, पिवळ्यात किंचित जांभळा उतरवायचा होता, आणि हे काम कागद ओला आहे तोवरच होते. त्या दिवशी टेबलाशी बसूनही कामात शिरायलाच मला अठरा मिनिटे लागली होती. सातव्या मिनिटाला टायमर कर्कश वाजला, मी दचकले, नियम म्हणून उठले, पाणी प्यायले, अंगणातले वाळलेले कपडे दिसले म्हणून ते काढले, कपड्यांच्या घड्या घालताना कपाटाचा खण आवरायला घेतला, आणि परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. कागदावर जांभळ्याच्या कडा कोरड्या होऊन डागासारख्या उमटल्या होत्या. ज्याला बसल्याबरोबर काम सुरू करता येते आणि उठल्यावर परत येता येते, त्याच्यासाठी ती पाच मिनिटे विश्रांतीची आहेत. माझ्यासाठी ते उघडे फाटक होते.

इतर सल्ल्यांचेही थोड्याफार फरकाने असेच झाले. सगळ्यात अवघड काम सकाळी सर्वांत आधी उरकावे, या सल्ल्याने माझी अवघड आणि सोपी अशी दोन्ही कामे राहू लागली, कारण अवघड काम दाराशी आडवे पडलेले आणि ते ओलांडून पुढे जाण्याची परवानगी नाही. मोबाईलवर कामांच्या याद्यांची पाच ॲप्स घेतली; प्रत्येकात पहिले आठ-दहा दिवस रंगीत खुणा आहेत आणि पुढे शुकशुकाट. एकवीस दिवस केले की सवय लागते, या वाक्याने तर माझे फार नुकसान केले, कारण माझा एकविसावा दिवस कधी उजाडलाच नाही.

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणारी मेंदूची अवस्था, असल्याचे निदान झाले ते मुलामुळे. त्याच्या शिक्षिकांनी सुचवल्यावरून जून २०२३ मध्ये आम्ही त्याला नागपूरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. ते त्याच्याविषयी प्रश्न विचारत होते आणि मी त्याची उत्तरे देता देता मनातल्या मनात माझीही देत होते. शेवटी त्यांनीच विचारले, “आणि तुमचं लहानपण कसं होतं?” पुढच्या वेळी त्यांनी माझ्या आईला सोबत आणायला सांगितले. एडीएचडी रक्ताच्या तपासणीतून कळत नाही; सविस्तर मुलाखत, प्रश्नावली आणि जुनी माहिती यांवरूनच निदान होते, आणि प्रौढ माणसाच्या बाबतीतही लक्षणांपैकी काही बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे पाहावे लागते. आई एसटीतून उतरल्यापासून घाबरलेली होती. तिला वाटले, मला वेड लागल्याचे सांगणार आहेत. डॉक्टरांनी शाळेचे विचारले तेव्हा मात्र ती खुलली. “हुशार होती जी, पण वही कधी पुरी भरलीच नाही हिची. पहिले चार पानं मोत्यावानी, मंग सारे चित्रं.” डॉक्टरांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. वर्गात पळणारा, खोड्या काढणारा मुलगा लवकर नजरेत भरतो आणि खिडकीशी गप्प बसून वहीत झाडे काढणारी मुलगी सुटून जाते, म्हणून मुलींचे निदान पुष्कळदा उशिरा होते, असेही ते म्हणाले. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते.

औषधाविषयी थोडक्यात सांगते, कारण तो डॉक्टरांचा प्रांत आहे. रक्तदाब आणि नाडी तपासून त्यांनी मला मेथिलफेनिडेट कमी मात्रेत सुरू केले. हे नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आमच्या तालुक्याला मला ते मिळाले नाही, त्यामुळे दर महिन्याला नागपूरची फेरी ठरलेली. त्याने भूक मंदावते, म्हणून सकाळी पोटभर जेवूनच गोळी घेते. औषधाने डोक्यातला कलकलाट कमी झाला, हे खरे. पण शांत झालेल्या डोक्याने बत्तीस पाने कशी संपवायची, हे गोळी शिकवत नाही. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले की, अशा माणसाला काय करावे हे ठाऊक असते, अडते ते ठाऊक असलेले त्या घटकेला करण्यापाशी. आणि वेळ किती गेला, किती उरला याची इतरांना आतून जी जाणीव असते, ती याला फार अंधूक असते. मग त्यांनी मला एक गृहपाठ दिला: अपयशी ठरलेला प्रत्येक सल्ला वहीत लिहायचा आणि त्याखाली, हा सल्ला माझ्यापाशी काय आहे असे धरून चालतो, ते लिहायचे.

त्या वहीत एक गोष्ट फार लवकर दिसली. जवळजवळ प्रत्येक सल्ला माझ्या आत एक चालू घड्याळ आहे असे धरून चालला होता. नाटकाच्या पोस्टरांना त्या घड्याळाची गरजच पडत नव्हती, कारण तिथे वेळ माझ्या बाहेर उभा होता: छापखाना उघडणार, गाडी निघणार, अमुक गावी मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री मंडप भरणार आणि माणसे पहाटेपर्यंत नाटक पाहणार. तारीख टळली तर पोस्टर रद्दी. हे लिहिताना मला बाबांचा सरस आठवला.

बाबा झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी. भुकटीचे रंग ते सरसात कालवत, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो गरम असेपर्यंत पातळ राहतो, गार झाला की थिजून कुंचल्याला लोळागोळा लागतो. म्हणून चुलीवर डब्यात डबा ठेवून तो कोमट ठेवावा लागे, आणि एकदा डबा उतरवला की बाबांना थांबता येत नसे. एरवी सायकलची चावी, चष्मा, उसने दिलेले पैसे, सगळे विसरणारा माणूस त्या डब्यापुढे विलक्षण सावध होई. पावसाळ्यात मात्र पडद्यांचे काम नसे तेव्हा ते ओसरीवर नुसते येरझारा घालत. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास धरला जातो, बाबांनाही तेच असेल का, असे मी विचारले तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, “जे समोर नाहीत त्यांचं निदान मी करत नाही.” त्यांचे बरोबर होते. पण पुस्तकाच्या कामाला सरस नव्हता आणि तो मला आणावा लागणार होता, एवढे माझे ठरले.

सुरुवात भिंतीवरच्या घड्याळापासून केली. ते उतरवून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवले आणि काम सुरू करताना मिनिटकाटा असेल तिथपासून काम संपायचे तिथपर्यंतची फोड काचेवर लाल पोस्टर कलरने रंगवू लागले. काटा लाल रंगाखालून सरकताना पुढे किती लाल उरले, हे वाचावे लागत नाही, दिसते. काम संपले की ओल्या फडक्याने काच पुसायची. टायमर आतापर्यंत वेळ संपल्याची बातमी देत होता. मला तो संपत असताना दिसायला हवा होता. फोडीची लांबीही पंचवीस मिनिटांवर अडवून ठेवली नाही. वॉशचे काम असेल तर ती साधारण पाऊण तासाची; कागदावर पेन्सिलने खाका काढायचा असेल तर वीस मिनिटांची. लॅपटॉपवर काम असेल तेव्हा चार्जर मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवते. बॅटरी सव्वादोन तास पुरते आणि तो लाल आकडा डोळ्यांपुढे घसरत असतो. आमच्याकडे भारनियमनात वीज जाते तेव्हा मी सर्वांत चांगले काम करते, हे घरच्यांना पूर्वी विचित्र वाटे. त्याचे कारण आता सापडले.

वॉश वाळण्याची दहा मिनिटे हाच माझा खरा खड्डा होता, आणि पावसाळ्यात तर कागद अर्धा तास ओला राहतो. एका वेळी एकच काम हातात घ्यावे, असे सर्वत्र सांगितलेले असते. मी तो नियम मोडला आणि टेबलावर शेजारी-शेजारी दोन पाने चिकटवली: एक वाळते तेव्हा दुसऱ्यावर पेन्सिल चालते. दोन्ही त्याच पुस्तकाची असावीत, एवढीच अट. उठायचे नाही, हा यातला मुख्य लाभ. दोन मिनिटांत होणारे काम तत्काळ करून टाकावे, हा डेव्हिड ॲलन यांचा प्रसिद्ध नियमही असाच उलटा करावा लागला, कारण माझे दोन मिनिटांचे काम दुसऱ्या दोन मिनिटांच्या कामाला जन्म देते. दाराशी मुलाची जुनी पाटी टांगली. आठवेल ते तिच्यावर लिहायचे आणि दिवेलागणीला एकदाच सगळे उरकायचे. गंमत अशी की पाटीवरची निम्मी कामे संध्याकाळी वाचली की कामेच वाटत नाहीत.

सकाळच्या अवघड कामाच्या जागी मी रंगांच्या पट्ट्या आणल्या. त्या दिवशी लागणारे पाच-सहा रंग कालवून एका चिटोऱ्यावर त्यांचे चौकोन काढायचे, बाकी काही नाही. बाबाही पडद्याला हात लावण्याआधी डबे मांडत, ढवळत, बोटाने रंग फळीवर लावून पाहत. त्या वेळी मला तो वेळकाढूपणा वाटे. कुंचला ओला झालेला असला की पानाकडे वळणे फार सोपे जाते.

सर्वांत मोठा बदल मात्र टेबलावर झाला नाही, बांधीत, म्हणजे भातखाचरात, झाला. जुलैत भाताच्या रोवणीला बाया कमी पडल्या म्हणून मी चार दिवस आमच्याच बांधीत उतरले. पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी डाव्या हातात, पाय चिखलात, दोन्ही बाजूंना बाया, आणि सगळ्यांनी एकदम मागे सरकत रोवत जायचे. सहा तास मी कुठेही भरकटले नाही, आणि ते काम मला काही आवडते अशातला भाग नाही. ओळीत मागे राहिले की लगेच दिसते, कोणी रागावत नाही, शेजारीण फक्त रोपांचे दोन चूड माझ्या वाट्याचे लावून देते. एडीएचडी असलेली माणसे काम करताना दुसऱ्या कुणाला जवळ बसवतात, त्याला बॉडी डबलिंग म्हणतात, हे मी ऐकले होते. त्याचा अर्थ तिथे कळला. एकांतात साधना करणारा कलावंत ही कल्पना मी इतकी वर्षे उगाच वाहत होते. माझ्या जाऊबाई शिवणकाम करतात. मी त्यांना विचारून माझे टेबल त्यांच्या मशीनच्या खोलीत हलवले. त्या बोलत नाहीत, माझ्या कागदाकडे पाहत नाहीत. मशीनचा आवाज चालू असतो, एवढे पुरते. एकदा मी बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत होते, तर मशीन न थांबवताच त्या म्हणाल्या, “काहून, दोरा तुटला का?”

त्याच बांधीवर मजुरीचे बोलणे चालले होते. आमच्याकडे रोवणी रोजीने देतात किंवा गुत्त्याने. रोजीला दिवस मोजतात, गुत्त्याला बांधी. गुत्त्यातल्या बाया दुपारी लवकर मोकळ्या होतात किंवा अंधार पडेपर्यंत राबतात, पण बांधी हिरवी झाली की पैसे. मला जाणवले, मी वर्षानुवर्षे स्वतःला रोजीवर लावत होते, रोज सहा तास बसायचे म्हणून, आणि माझी जात गुत्त्याची होती. पुढच्या पुस्तकाचे बोलणे झाले तेव्हा संपादिकेला धीर करून विचारले की, बत्तीस पाने आठ टप्प्यांत घ्याल का, प्रत्येक टप्प्याला तारीख आणि पैसे? त्यांनी तारखा मान्य केल्या, पैशांचे मात्र तीनच हप्ते केले. दर सोमवारी सकाळी अकराला मी झालेल्या पानांचे फोटो पाठवायचे आणि त्यांनी फक्त ‘मिळाले’ म्हणायचे, असेही ठरले. निदानाविषयी तेव्हा सांगितले नाही, दुसऱ्या टप्प्यानंतर सांगितले. त्यांचे पहिले वाक्य होते, “मग आधीच्या लोकांना का नाही सांगितलंत?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हते.

यातले सगळे साधले असे नाही. स्वतःच्या मनाने लवकरची तारीख ठरवून स्वतःला फसवण्याचा उपाय मी तीनदा केला आणि तीनही वेळा फसवणारी कोण आहे हे मला माहीत असल्यामुळे फसला. दुसरे माणूस खरोखर वाट पाहत असेल तरच ती तारीख तारीख असते. झालेली पाने दोरीला चिमट्यांनी लावण्याची युक्ती दिवाळीपर्यंत उत्तम चालली, नंतर माझ्या डोळ्यांना ती दोरी दिसेनाशीच झाली. पूर्वी मी अशा वेळी स्वतःला धरसोड म्हटले असते. आता दोरी काढून पाने दाराच्या फळीवर लावली, आणि काही महिन्यांनी तेही बदलीन. गढून जाण्याचा दोष तर आहेच. एकदा रात्रीच्या जंगलाचे पान रंगवताना सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत उठले नाही, मुलगा शाळेतून येऊन शेजाऱ्यांकडे जेवला, आणि मला ते त्याने झोपताना सांगितले. त्यानंतर साडेचारला कामातून उठवण्याचे काम त्याच्याकडेच दिले आहे. तो खांद्याला हात लावतो. हाक मारलेली मला ऐकू येत नाही, हे त्याला बरोबर समजले आहे, कारण त्यालाही ती ऐकू येत नाही.

सवयीचे एकवीस दिवसही मी वहीतून खोडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, आणि माणसा-माणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. त्यामुळे कॅलेंडरवर सलग फुल्यांची साखळी करणे सोडून मी हजेरीपट केला. त्यात खाडा मांडायचा असतो, आणि खाडा मांडला तरी दुसऱ्या दिवशी नाव पटावर असते.

ते पुस्तक मी ठरल्या तारखेनंतर सहा दिवसांनी दिले. संपादिकेने त्याला उशीर म्हटले नाही, मी म्हणते. त्यानंतरची दोन पुस्तके वेळेवर गेली, त्यातले एक नाटकांच्या हंगामात, पोस्टरांच्या गर्दीत, आणि मला वाटते त्या गर्दीमुळेच.

बिले करणे मात्र अजून जमलेले नाही. त्याला सरस सापडत नाही, त्याची वाट पाहणारे कोणी नाही, उलट ती न गेल्याने समोरचा खूशच असतो. गेल्या हंगामातल्या तीन कंपन्यांकडचे पैसे यायचे आहेत आणि त्याची नोंद पाटीवर होळीपासून आहे. ती मी रोज संध्याकाळी वाचते. काल जाऊबाईंनी ते तिथे वाचले आणि म्हणाल्या की, शिलाईच्या पैशांसाठी त्यांनाही दर रविवारी चार घरी जावे लागते, तर येत्या रविवारी दोघीच बसून तुमची बिले लिहू आणि मग वडशाला जाऊन येऊ. वडशाची बस सकाळी आठला सुटते. मी काचेवर फोड रंगवून ठेवली आहे.